गाळलेलं स्टेशन

चहाचा कप टेकवण्याआधी टेबलावर पाणसळ ठेवून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गवंडी भिंतीला लावतात तसली, वीतभर लांबीची, पितळी कडांची पाणसळ ते खाकी चड्डीच्या खिशात बाळगायचे. बुडबुडा मधोमध आला की कप खाली यायचा, नाही तर तो हातातच राहायचा आणि चहा उभ्यानं संपायचा. कारखान्यातलं एकही टेबल त्यांच्या कसोटीला उतरलं नव्हतं. ड्रॉइंग ऑफिसातलं माझं टेबल जवळजवळ उतरलं, म्हणून आमची ओळख वाढली असं मी गमतीनं सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. आमच्या वसाहतीत रविवारी दुपारी कुठंही जायचं नसलेली माणसं दोनच होती, एक ते आणि एक मी.

ते पोलंडचे. लोक त्यांना पोलनसाहेब म्हणत. खरं नाव उच्चारायच्या भानगडीत मॅनेजरसुद्धा पडत नसे. तिकडे ते बिटाच्या साखर कारखान्यात होते. आपल्याकडे ऊस तसं तिकडे बीट, आणि ते शेतांतून कारखान्यात आणायला आपल्यासारखीच अरुंद रुळांची छोटी रेल्वे. युद्ध सुरू झालं तेव्हा रशियनांनी त्यांना वर्कशॉपमधून अंगावरच्या कपड्यांनिशी उचललं आणि उत्तरेच्या थंडीत लाकडं तोडायला धाडलं. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. मग सुटका, इराण, आणि शेवटी कोल्हापूरजवळची पोलिश निर्वासितांची छावणी. आमच्याकडे उसाच्या ट्रॉली लाइनीवरचा गोरा साहेब फौजेत निघून गेला होता, त्याच्या जागी हे आले. कारखाना कोपरगावच्या बाजूला, कालव्याच्या उसात. नाव सांगायचं कारण नाही.

मी तिथे ट्रेसर होतो. इंजिनिअर कागदावर जे काढतील ते पारदर्शक कापडावर शाईनं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, एवढंच माझं काम. माझा हात चांगला होता आणि त्याचा मला गर्वही होता, पण स्वतःच्या मनानं मी कधी एक रेघ ओढली नव्हती. पोलनसाहेब येऊन सहाएक महिने झाले असतील, तेव्हा एकदा ते ड्रॉइंग ऑफिसात आले. मी मिशनच्या शाळेत घोटलेलं सगळं इंग्रजी पणाला लावून, आपल्याला कोणता नकाशा दाखवू, असं विचारलं. त्यांनी माझं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"रावसाहेब, मराठीत बोला की," ते म्हणाले. "इंग्रजी मला बी लई येत न्हाई."

मी हातातली लेखणी टाकून बघतच राहिलो. लाइनीवरच्या मजुरांच्या गँगमध्ये दिवसभर राहून ते जी मराठी शिकले ती गँगचीच होती. वरच्या हुद्द्याच्या माणसाला रावसाहेब म्हणायचं हेही त्यांनी तिथेच उचललं होतं, आणि आपण स्वतः साहेब आहोत हे त्यांच्या गावी नव्हतं. शेवटपर्यंत मी त्यांना साहेब म्हणालो आणि ते मला रावसाहेब. मॅनेजरला हे मुळीच आवडायचं नाही.

मॅनेजरला न आवडणाऱ्या गोष्टी ते इतर वेळीही भरपूर करत. उसाच्या ट्रॉल्या घेऊन इंजिन समोरून गेलं की हॅट काढून उभे राहत, आणि ड्रायव्हर बिचारा दरवेळी लाजून चूर होई. एकदा त्यांनी मॅनेजरच्या बंगल्यासमोरच्या वळणावर, रुळांच्या कडेनं, गँगकडून शेवरीची रोपं लावून घेतली. शेवरी काय, वर्षात डोक्यावर गेली. मॅनेजरला व्हरांड्यात बसून गाड्या मोजायची सवय होती. आता गाडी वळणावर यायची आणि दिसेनाशी व्हायची, ती पार पलीकडच्या चिंचेच्या झाडापाशी पुन्हा बाहेर यायची. त्यानं जाब विचारला तेव्हा साहेब म्हणाले की गाडी सारखी दिसत राहिली तर माणूस तिच्याकडे बघत नाही, मध्ये दडली तरच तिची वाट बघतो. मॅनेजरनं शेवरी तोडायला लावली. साहेबांनी पुढच्या वळणावर लावली.

हे सगळं त्यांच्या नकाशातून आलेलं होतं, आणि तो नकाशा म्हणजेच आमचे रविवार.

माझ्या रविवारांबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं घराणं आजोबांपासून ख्रिस्ती, मूळ नगरचं. वडील मी शिकत असतानाच गेले आणि नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी आईही गेली. वसाहतीच्या शाळेत सकाळी उपासना व्हायची. ती आटोपली की बायाबापड्या माझ्या लग्नाचा विषय काढायच्या, म्हणून शेवटचं गीत सुरू होताच मी चपला शोधू लागायचो. साहेब कॅथलिक, तरी एकदा आमच्या उपासनेला येऊन बसले. बसण्याआधी त्यांनी बाकावर पाणसळ ठेवून बघितली. पाळकांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही. उपासनेनंतरची दुपार मात्र अंगावर यायची. खोलीत परतलं की एका माणसाची चूल, एक ताट, एक तांब्या. मला तिथे बसवत नसे. ड्रॉइंग ऑफिसची किल्ली माझ्याकडेच असायची, तेव्हा मी तिकडे जाऊन बसायचो, आणि थोड्या वेळानं साहेब बगलेत कागदाची गुंडाळी घेऊन यायचे.

त्यांना आपली तिकडची लाइन एका फळीवर बसवायची होती. पाच फूट बाय तीन फुटांची फळी, अर्ध्या इंचाच्या अंतरानं रूळ, त्यावर हातानं ढकलायची गाडी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. पन्नाशीचा गृहस्थ आणि खेळण्यातली आगगाडी! पण त्यांना नकाशा काढताना पाहिलं आणि हसू गेलं. मोठ्या रेल्वेला मोठं वळण लागतं, अरुंद रूळ मात्र थोडक्यात वळतात, म्हणून एवढ्या फळीवर फक्त छोटी लाइनच खरी वाटेल, असं ते समजावून सांगत. त्यांच्या तिकडची लाइन रस्त्याच्या कडेकडेनं जायची, गाडीवानाशी बोलता येईल इतक्या जवळून. मध्ये लाकडी पूल. पुलाशी मरियेची छोटी देवळी. डोकी छाटलेल्या झाडांची रांग, आणि पाण्याच्या टाकीवर करकोच्याचं घरटं. त्यातलं प्रत्येक झाड त्यांना पाठ होतं. कोणतं कलतं आहे, कोणत्याला वीज लागली आहे, सगळं.

अडचण एकच होती. खऱ्या लाइनीवर सात स्टेशनं होती आणि फळीवर मावत होती तीन. पहिलं, म्हणजे कारखाना, आणि सातवं, जिथे ही लाइन मोठ्या रेल्वेला मिळायची, ही दोन हवीतच. उरल्या पाचांतलं एकच ठेवता येत होतं. मी सुचवलं की सगळीच थोडी जवळजवळ सरकवू. ते माझ्यावर असे रागावले की मी चाट पडलो. त्यांचा नियम ठरलेला होता.

"गाळलं तर चालतं, रावसाहेब. हलवलं तर चालत न्हाई."

तर कोणतं ठेवायचं यावर तीन वर्षं गेली. एका रविवारी दुसरं स्टेशन राही, पुढच्या रविवारी पाचवं. नवा कागद, नवी वळणं, धान्याची कोठारं पुन्हा नव्यानं मांडायची. पेन्सिल फार हळू चालायची. सहावं गाळताना मात्र ती कधी अडली नाही. ते कागद पसरण्याआधीच गेलेलं असे. कागदावर ते एकही अक्षर लिहीत नसत. स्टेशनाच्या जागी नुसता गोल. नावं आपल्याला माहीत आहेत, दुसरं कोण वाचणार आहे, असं त्यांचं म्हणणं.

मी एकदा वैतागून म्हणालो की साहेब, एकदा काय ते ठरवा आणि फळी करायला टाका, नाही तर जन्मभर नकाशेच काढत बसाल. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा बायकोबद्दल बोलले. त्यांना नेलं तेव्हा ती घरी बटाटे सोलत होती. घर चौथ्या स्टेशनाशी. त्यानंतर तिचं काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. लिहिलेली पत्रं शिक्के खाऊन परत येत. दुसऱ्या स्टेशनाशी तिची आई राहायची, तिसऱ्याशी मावशी, पाचव्याला दवाखाना होता, तिथे ती अडीनडीला मदतीला जायची. यांतल्याच कुठल्या तरी एका जागी ती असणार, असा त्यांचा हिशेब होता.

"ती कुटं हाय ते कळल्याबिगर कोन्चं गाळू, सांगा," ते म्हणाले.

सहाव्या स्टेशनाशी त्यांच्या ओळखीचं कुणीच नव्हतं, एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं.

युद्ध संपलं. नकाशावरची सरहद्द सरकली आणि त्यांची लाइन, घर, करकोच्याचं घरटं, सगळं रशियात गेलं. त्यांनी पेपरातला नकाशा माझ्या टेबलावर पसरला, दोन बोटं नसलेला हात त्यावर फिरवला आणि घडी करून खिशात ठेवला. कोल्हापूरची छावणीही आता मोडणार असं ऐकू येऊ लागलं. मग एक दिवस तिथून त्यांना पत्र आलं. तुमच्या भागातली एक बाई आली आहे, तिला तुमच्या बायकोबद्दल काही सांगायचं आहे, आणि पुढे कुठे जायचं त्या कागदावर सहीही करायची आहे, तरी यावं. साहेबांनी दहा दिवसांची रजा घेतली. जाण्याआधीच्या रविवारी त्यांनी जो कागद काढला त्यावर चौथं स्टेशन होतं, घराचं. तो त्यांनी भिंतीला टाचून ठेवला.

आता माझा मूर्खपणा सांगतो. ते आनंदाची बातमी घेऊन येणार असं मी धरूनच चाललो होतो, आणि ते येईपर्यंत फळी तयार ठेवून त्यांना चकित करायचं मी ठरवलं. भिंतीवरचा कागद ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं उतरवला, काचेच्या चौकटीत घालून उन्हात निळी प्रत, म्हणजे ब्लूप्रिंट, काढली आणि ती कारखान्याच्या सुतारशाळेतल्या दगडूमिस्त्रीला दिली. दगडूमिस्त्री तसा तिरसट माणूस, पण पोलनसाहेबाचं काम म्हटल्यावर बाकीची कामं बाजूला सारून बसला. बारदानाच्या गठ्ठ्यांना येते त्या लोखंडी पट्टीचे त्यानं रूळ केले, कामट्यांचे स्लीपर, सागवानाचं इंजिन. मी म्हणालो की पुलाचा आकार थोडा बदलला तर सोपा होईल. त्यावर तो म्हणाला, "सायबाचं गाव हाय ते. आपन कोन बदलनार?" नवव्या दिवशी फळी माझ्या टेबलाशेजारी येऊन बसली. खरंच देखणी होती.

साहेब शनिवारी संध्याकाळी आले आणि कुणाशी न बोलता खोलीत गेले. रविवारी दुपारी नेहमीसारखे ऑफिसात आले. दगडूमिस्त्री धुतलेली टोपी घालून हजर होता. साहेबांनी फळी पाहिली आणि हॅट काढली. मग खुर्ची ओढून बसले, पाणसळ ठेवायचंही त्यांना सुचलं नाही, आणि तीन बोटांनी इंजिन कारखान्यातून हळूहळू ढकलत निघाले. पूल गेला, देवळी गेली, गाडी कोठारामागे दडली. बाहेर येताना त्यांचा हात सवयीनं डावीकडे वळला. रूळ उजवीकडे गेले होते. हात क्षणभर अधांतरी थांबला आणि मग रुळांबरोबर उजवीकडे गेला.

मी भिंतीवरच्या मूळ कागदाकडे पाहिलं आणि फळी त्याच्याशी ताडून बघितली. निळी प्रत काढताना कापडाची शाईची बाजू काचेकडे ठेवायची असते. घाईत मी ती उलटी ठेवली होती. त्यामुळे सगळा नकाशा आरशात दिसावा तसा उलटा छापला गेला होता. नवशिका पोरही ही चूक फार तर एकदा करतो, कारण अक्षरं उलटी आली की लगेच कळतं. पण साहेबांच्या नकाशावर अक्षरच नव्हतं. डावीकडचं गाव उजवीकडे, उजवीकडची नदी डावीकडे. गाळलं तर चालतं म्हणणाऱ्या माणसाचा मी अख्खा मुलूख हलवून ठेवला होता.

साहेबांनी गाडी सातव्या स्टेशनापर्यंत नेली. मग उठून दगडूमिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला आणि असलं काम आमच्या तिकडेही कुणी करत नाही असं सांगितलं. मिस्त्री खूश होऊन गेला. तो गेल्यावर मी चूक कबूल केली. चार दिवसांत नवी फळी करून देतो म्हणालो, रजा टाकतो म्हणालो, काय काय बोललो ते आठवत नाही. माझे डोळे भरून आले होते.

"पयल्या नजरंला दिसलं मला," साहेब म्हणाले. "मिस्त्रीला सांगू नगा. उलटं तर उलटं. आरशात बी मानूस वळखू येतोच की." त्यांनी चौथ्या आणि सातव्या स्टेशनांमधल्या रुळांवर बोट ठेवलं. "तुमची चूक न्हाई, रावसाहेब. माजी हाय. हितं सहावं न्हाई."

मग त्यांनी छावणीतल्या बाईनं सांगितलेलं मला सांगितलं. त्यांना नेल्यावर महिन्याभरात शिपायांनी घर घेतलं. बायको आईकडे गेली तर तिथे कुणी नव्हतं, मावशीचंही घर बंद. ती रुळांच्या कडेनं चालत राहिली. दवाखान्यात सैन्य होतं. पुढे सहाव्या स्टेशनाशी लाइनमनची एक विधवा राहत होती, तिनं तिला ठेवून घेतलं. दोन हिवाळे ती तिथे होती. नवऱ्याला घेऊन गाडी ज्या दिशेनं गेली तिकडून कुणी येतंय का बघायला रोज फलाटावर यायची. दुसऱ्या हिवाळ्यात ताप आला आणि त्यातच गेली. तिला स्टेशनामागेच पुरलं आहे. पुढे रूळही उचलून नेले, असं ती बाई म्हणाली.

आमच्यात मयताच्या घरी म्हणायची वचनं मला पाठ होती, पण तोंडातून एकही निघालं नाही. मी चहा केला. तो तसाच निवला.

थोड्या दिवसांनी त्यांनी इंग्लंडच्या कागदावर सही केली, आणि छावणीतल्या लोकांबरोबर बोटीनं गेले. फळी त्यांनी कारखान्याच्या शाळेला दिली. पोरांनी दोन वर्षांत तिचा पार भुगा केला, आणि मला वाटतं साहेबांना ते आवडलं असतं. मला त्यांचं एकही पत्र आलं नाही. मीही लिहिलं नाही, पत्ता नव्हता. पुढे माझं लग्न झालं, मुलंबाळं झाली, तरी रविवारची दुपार अजून मला नीट काढता येत नाही.

पण त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली. चहा निवल्यावर साहेबांनी माझ्या टेबलावर कोरा कागद पसरला आणि पेन्सिल घेतली. सहावं स्टेशन काढायचं होतं. दोन्ही बाजूंनी रूळ आणून त्यांनी जिथे गोल करायचा तिथे थांबवले. पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली. बराच वेळ झाला. झाडन् झाड पाठ असलेल्या त्या माणसाला तिथलं काहीच आठवत नव्हतं.

"गाडी हितं दोन मिन्टं थांबायची," ते म्हणाले. "मी घड्याळ बघत बसायचो. भायेर कदीच बघितलं न्हाई." त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे केली. "तुमी काडा. काय असंल तितं?"

मी म्हणालो की मला येत नाही, मी नुसता उतरवून घेणारा माणूस. त्यांनी पेन्सिल मागे घेतली नाही. तेव्हा मी काढलं. मला दुसरं काय माहीत होतं? आमच्या बाजूला छोट्या लाइनीवर असतो तसा थांबा काढला. कौलारू खोली, पाण्याचा रांजण, मागे मोकळं रान आणि फलाटावर सावली धरणारं चिंचेचं मोठं झाड. चिंच त्यांच्या मुलखात उगवत नसणार हे मला कळत होतं. पण हात थांबला नाही.

साहेबांनी कागद आपल्याकडे वळवून घेतला आणि बारकाईनं पाहिला. खोडरबर तिथेच पडलं होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही.

"व्हय," ते म्हणाले. "असंच असंल."

मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी चिंचेखाली एक बाक काढलं, चारी पाय नीट जमिनीला टेकलेलं.

"बसायला लागंल तिला," ते म्हणाले.